सोमवारचा वास

सोमवार, ३ मार्च

क्लासच्या नोंदवहीच्या मागच्या पानांवर हे लिहायला घेतलंय. पुढच्या पानांवर कोण किती वाजता आलं, कोण काय शिकलं ते असतं. ते कुणीही वाचावं. हे कुणी वाचू नये.

आज गाडीत पेट्रोलचा वास आला. सकाळी साडेसहाला सिस्टर आल्या. त्या मोठ्या दवाखान्यात नर्स आहेत, रात्रपाळी संपली की थेट माझ्याकडे येतात. दार उघडून बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, स्पिरिट सांडलंय का?" म्हटलं, स्पिरिट तुमच्याकडे, आमच्याकडे पेट्रोल. दोघी हसलो, पण वास होता. गाडीही तिसऱ्या खेपेला सुरू झाली. आठला टेलरबाई आल्या, त्यांनी ओढणी नाकाला लावूनच गिअर बदलले. दहाला जुळ्यांची आई आली, ती दहा मिनिटांत मळमळून पांढरी पडली.

वहीला सांगून ठेवते. शाळेच्या ऑफिसातली बारा वर्षांची नोकरी सोडून मी बायकांसाठी ड्रायव्हिंग क्लास काढला, त्याला आज तीन आठवडे झाले. गाडी एकच, तीही वापरलेली, माझ्या बाजूला जादा क्लच-ब्रेक बसवून घेतलेली. शिकणाऱ्या या तिघी. त्यातल्या सिस्टर माझ्या पहिल्या परीक्षार्थी. घरोघरी जाऊन रुग्ण बघणाऱ्या पथकात त्यांना जागा मिळतेय, पण १५ एप्रिलच्या आत लायसन्स दाखवावं लागेल. टेस्ट २ एप्रिलला आहे. त्या पास झाल्या तर त्यांच्या दवाखान्यातल्या आणखी सहा जणी यायच्या म्हणतायत. नापास झाल्या तर "बाई शिकवते, बाईच नापास होते" हे वाक्य गल्लीत तयारच आहे.

वास कुठून येतो ते उद्या बघते. पेट्रोलची तरी या आठवड्याला चिंता नाही, बाबांनी काल टाकी भरून आणली आहे.

मंगळवार, ४ मार्च

वास आहे. थोडा कमी.

नवऱ्याला गाडीत बसवलं. तो चष्म्याच्या दुकानात असतो, त्यामुळे समोरच्यातला दोष त्याला लगेच दिसतो, वास मात्र येत नाही. दीर्घ श्वास घेऊन म्हणाला, "अगं, गाडी आहे. गाडीला गाडीचा वास येणार." मग मी रागावलेय हे बघून उतरला, टाकीचं झाकण फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "रबर गेलंय. झाकण बदल."

झाकण बदललं.

गुरुवार, ६ मार्च

वास गेला! झाकणच होतं. नवऱ्याला तसं सांगितलं नाही, डोक्यावर बसेल.

रविवार, ९ मार्च

बाबा सकाळी सात वाजता इस्त्रीचा शर्ट घालून गाडी घेऊन पंपावर गेले. बाबा म्हणजे माझे सासरे. एकतीस वर्षं बस चालवली. मला गाडी त्यांनीच शिकवली, तीही माझं लग्न होऊन दोन महिने झाले नव्हते तेव्हा, सासूबाई "लोक काय म्हणतील" म्हणत असताना. हा क्लास निघाला तो त्यांच्या जिवावर.

पण क्लास निघाला आणि ते मागच्या सीटवर येऊन बसायला लागले. बोलायचे काही नाहीत. शिकणारीनं गिअर चुकवला की मागून फक्त "च्च्" असा आवाज यायचा. तिसऱ्या आठवड्यात टेलरबाई म्हणाल्या, "मॅडम, मागं आजोबा असले की माझा पाय थरथरतो हो." मी बाबांना सांगितलं. फार गोड बोलून सांगितलं, म्हणजे जास्तच वाईट. ते म्हणाले, "बरोबर आहे." दोन दिवस बाल्कनीत बसून रस्त्यावरच्या गाड्या बघत होते. मला ते बघवेना, म्हणून म्हटलं, बाबा, दर रविवारी गाडी पुसायची, हवा बघायची, पेट्रोल भरायचं, ही जबाबदारी तुमची. तेव्हापासून रविवार म्हणजे त्यांचा कामाचा दिवस.

नऊला परत आले. खुशीत होते. म्हणाले, "गळ्यापर्यंत भरलीय. तो पोरगा नळ टक्कन बंद झाला की थांबतो. म्हटलं थांबू नकोस, मी गाडी हलवतो, तू भर." डब्यात पीठ भरताना डबा आपटतात तशी ते म्हणे गाडी मागून दाबून हलवतात, आतली हवा निघते, आणखी पेट्रोल मावतं. या वयात! मी म्हटलं, कंबर सांभाळा.

सोमवार, १० मार्च

वास परत. मागच्या सोमवारपेक्षा जास्त. झाकणाचा काही संबंध नव्हता तर.

जुळ्यांच्या आईनं सिग्नलला गाडी थांबवली, दार उघडलं आणि रस्त्यावरच उलटी केली. मागचे हॉर्न वाजवत होते. मी पाण्याची बाटली दिली, ती रडायला लागली. म्हणाली, "ताई, घरी दोन लहान मुलं, सकाळपासून मी त्यांची उलटी काढते, आता इथं माझी." संध्याकाळी निरोप आला, सध्या जमणार नाही म्हणून. तिघींतली एक गेली.

बुधवार, १२ मार्च

नवऱ्यावर संशय होता. खोटं कशाला लिहू? त्याची स्कूटर पंधरा दिवसांपूर्वी बंद पडली तेव्हा त्यानं पेट्रोलचा कॅन माझ्या गाडीच्या डिकीतून आणला होता. म्हटलं, सांडलं असणार आणि सांगायची हिंमत नाही. डिकीतली चटई काढली, साबणानं धुतली, वाळवली, नाक लावून बघितली. चटईला चटईचाच वास. तरी जेवताना विषय काढला. तो म्हणाला, "एक थेंब सांडला नाही." मी म्हटलं, "तुझा थेंब मला माहीत आहे." बाबा ताटाकडे बघत जेवत होते.

जेवण झाल्यावर बाबा स्वतः खाली जाऊन गाडीखाली वाकून आले. "गळती नाही. खाली डाग नाही," म्हणाले. "बसला असा वास कधी आला नाही. पेट्रोलच्या गाडीचं मला कळत नाही फारसं."

शुक्रवार, १४ मार्च

गॅरेजला नेली. फिटरचं वय माझ्याच एवढं असेल, बोलताना समोर बघत नाही, गाडीकडेच बघतो. बॉनेट उघडलं, नळ्या चाचपल्या, गाडी वर चढवली, टाकीला बोट लावून बोटाचा वास घेतला. मग म्हणाला, "ताई, मला तर काहीच वास येत नाही."

घोडं इथंच अडलं. मलाही येत नव्हता. दुखरा दात डॉक्टरच्या खुर्चीत बसलं की गप्प होतो, तसं. मी शपथेवर सांगायला लागले, तर म्हणाला, "येतो म्हणताय तर येत असेल. येईल त्या दिवशी आणा." त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी शाळेच्या ऑफिसात बारा वर्षं पाहिलंय. पालक "माझा मुलगा घरी सगळं वाचून दाखवतो" म्हणायचे, तेव्हा आमच्या बाईंचा चेहरा असा व्हायचा.

येईल त्या दिवशी नेऊ कशी? त्या दिवशी तीन तास शिकवायचं असतं.

मंगळवार, १८ मार्च

आता शिस्तीत करायचं ठरवलं. वासाला दहापैकी मार्क. काल सोमवार, आठ. आज सहा. मागच्या आठवड्याचे आठवून लिहिले: सोमवारी सात, मंगळवारी पाच, बुधवारी तीन, गुरुवारी एक, शुक्रवारी आणि शनिवारी शून्य. रविवारची नोंद नाही, रविवारी गाडी बाबांकडे असते.

शिवाय काल काळे ढग नव्हते की ऊन फार नव्हतं, म्हणजे हवेचं कारण नाही. गाडीखाली रात्रभर वर्तमानपत्र पसरून ठेवलं, सकाळी कोरडं. वास मागून येतो, उजव्या चाकाकडून. आणि सोमवारी गाडी पहिल्या खेपेला सुरू होत नाही. एवढं सगळं कळलं आणि काहीच कळलं नाही.

गुरुवार, २० मार्च

तक्ता समोर ठेवून खूप विचार केला. सोमवार-मंगळवार वास, पुढं कमी. सोमवारी-मंगळवारी कोण चालवतं? टेलरबाई. बुधवारपासून त्यांच्याकडे कपडे द्यायची घाई असते, त्या येत नाहीत. आणि टेलरबाई गाडी चालवतात शिलाई मशीनसारखी, पाय एकदम खाली नाहीतर एकदम वर. इतकं ॲक्सिलरेटर दाबल्यावर न जळलेलं पेट्रोल बाहेर पडणारच. शेवटी सापडलं.

शनिवार, २२ मार्च

टेलरबाईंना आज फोनवर समजावलं. म्हणजे समजावणार होते, बोलले जरा तोडून. "तुमच्या पायामुळे माझ्या गाडीत वास येतो" असं वाक्य तोंडातून गेलं. फोनमधून येणारी मशीनची घरघर थांबली. मग म्हणाल्या, "मॅडम, तेवीस वर्षं मशीन चालवतेय. पायाला नावं आजवर कुणी ठेवली नव्हती."

सोमवारी येते म्हणाल्या नाहीत, येत नाही असंही म्हणाल्या नाहीत.

सोमवार, २४ मार्च

टेलरबाई आल्या नाहीत. त्या आल्या नाहीत आणि वास आला. दहापैकी नऊ.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी केलं होतं. सिस्टरचा तास संपवला, चारी काचा खाली करून, आणि तशीच गाडी गॅरेजला घातली. फिटरनं दार उघडलं आणि या वेळी माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "हां. आता येतोय."

गाडी वर चढवली. मागच्या उजव्या चाकाच्या वर आत एक काळा डबा असतो, चपलांच्या खोक्याएवढा. तो त्यानं सोडवला आणि तिरपा केला. त्यातून पेट्रोल गळलं. थेंब थेंब नाही, धार.

त्यानं समजावलं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे माझ्या डोक्यात राहील. टाकीत पेट्रोलची वाफ होते. ती बाहेर सुटू नये म्हणून नळीतून या डब्यात येते. डब्यात कोळसा असतो, तो वाफ धरून ठेवतो. इंजिन चालू झालं की ती ओढून घेतं आणि जाळतं. पण टाकीत वर थोडी मोकळी जागा पाहिजे. जागाच ठेवली नाही तर वाफेऐवजी पेट्रोलच डब्यात येतं. कोळसा भिजला की डबा संपला. गाडी चालून टाकी उतरली की वास कमी होतो, पुन्हा भरली की पुन्हा.

मग त्यानं विचारलं, "टाकी कोण भरतं?"

तो म्हणाला, "नळ टक्कन बंद झाल्यावर पण भरतं का कुणी? हलवून वगैरे?"

तक्ता पर्समध्ये होता. काढून बघितला. रविवारची नोंद नाही, बाबांकडे गाडी. माझ्याच अक्षरात, माझ्याच पेनानं.

गॅरेजच्या बाकावर बसून राहिले. मागच्या सीटवरून मी त्यांना उठवलं होतं आणि त्या बदल्यात हा रविवार दिला होता. आता हाही काढून घ्यायचा? इस्त्रीचा शर्ट घालून माणूस सात वाजता निघतो. त्यांना काय सांगू, बाबा, तुम्ही मायेनं जे केलंत त्यानं एक बाई रस्त्यावर ओकली, एक रुसून बसली आणि नशीब की काही पेटलं नाही?

फिटरला म्हटलं, घरून कुणी विचारलं तर नळीला चीर होती म्हणून सांग. तो म्हणाला, "ताई, डबा नवा घालतो. पण भरणारा तोच असेल तर एका वेळेत वाट लागेल."

म्हटलं, ते मी बघते.

मंगळवार, २५ मार्च

नवा डबा बसला. वास शून्य. घरी "नळी" असं सांगितलं. नवरा म्हणाला, "म्हणजे माझा कॅन नव्हता." म्हटलं, नव्हता. बाबा म्हणाले, "चला, सापडलं एकदाचं," आणि खरंच मोकळे दिसले. म्हणजे त्यांच्याही जिवाला घोर होता. हे मला तेव्हा सुचलं नाही, आता लिहिताना सुचतंय.

टेलरबाईंच्या दुकानात जाऊन माफी मागितली. त्यांनी मला स्टुलावर बसवून ठेवलं, दोन ब्लाउजना हुक लावून झाले, मग म्हणाल्या, "सोमवारी येते."

शनिवार, २९ मार्च

युक्ती केली. आज संध्याकाळी मीच पंपावर जाऊन टाकी भरली. नळ टक्कन बंद झाला, तिथंच थांबले. उद्या बाबा जातील, टाकी भरलेलीच असेल, पुसून, हवा बघून परत येतील. मन मोडायला नको आणि डबाही भिजायला नको. साप मरावा आणि काठीही तुटू नये.

रविवार, ३० मार्च

बाबा नेहमीपेक्षा उशिरा आले, घामाघूम. म्हणाले, "काल तू भरलीस ना? फसवलं तुला त्या पंपवाल्यानं. फुल्ल म्हणाला आणि अजून साडेतीन लिटर मावलं. चांगली पंधरा मिनिटं हलवली. बुधवारी सिस्टरची टेस्ट आहे, टाकीचा विचार तिच्या डोक्यात यायला नको."

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. ते शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसत होते आणि मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

नवा डबा आहे, निभावेल.

मंगळवार, १ एप्रिल

निभावला नाही. काल आठ, आज सात. काल टेलरबाई परत आल्या तर पहिल्याच दिवशी त्यांच्या नाकाला तोच वास. पायाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आज पण माझाच का?" दोन्ही दिवस काचा खाली ठेवून शिकवलं. फिटरला फोन केला, त्याच्याकडे डबा गुरुवारी येईल. टेस्ट उद्या. तारीख पुढे ढकलली तर तीन आठवड्यांनी मिळते, म्हणजे १५ तारीख गेली.

आज गाडी शंभर किलोमीटर उगाच फिरवून आणली, टाकी उतरावी म्हणून. वास थोडा उतरला असं वाटतंय. कदाचित माझं नाक सरावलंय.

बुधवार, २ एप्रिल

सिस्टर अतिशय सुंदर चालवत होत्या. मी लायसन्स ऑफिसच्या कुंपणाबाहेरून बघत होते. चढावर थांबवून परत काढली, एक बोटभरसुद्धा मागे सरकली नाही. वळणावर दिवा दिला, आरशात बघितलं. आणि मधेच गाडी थांबली. परीक्षक उतरला, दार लावलं आणि चार पावलं लांब जाऊन उभा राहिला. त्यानं कागदावर लिहिलं: वाहन सुरक्षित नाही, चाचणी रद्द.

नापास नाही. पण पुढची तारीख २३ एप्रिल.

सिस्टर गाडीत परत बसल्या नाहीत. म्हणाल्या, "मॅडम, मागच्या आठवड्यात तुम्ही म्हणालात गाडी दुरुस्त झालीय." आवाज चढवला नाही. रुग्णाशी बोलतात तशा बोलल्या आणि रिक्षा करून गेल्या. पथकातली जागा गेली तर पुन्हा कधी निघेल ते त्यांनाही माहीत नाही.

घरी आले. बाबा दारातच होते. "काय झालं?"

सांगितलं. सगळं सांगितलं, डबा, कोळसा, वाफ, मोकळी जागा, साडेतीन लिटर. मध्येच नवरा आला, ऐकून म्हणाला, "काखेत कळसा नि गावाला वळसा," आणि बाबांचा चेहरा बघून आत गेला.

बाबांनी सगळं ऐकलं. मग एकच विचारलं, "तुला कधी कळलं?"

"चोवीस तारखेला."

"म्हणजे नऊ दिवस." ते बोटांवर मोजत नव्हते, तरी थांबून म्हणाले. "नऊ दिवस तुला माहीत होतं आणि काल-परवा तू त्या बायकांना गाडीत बसवलंस."

मी म्हटलं, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, बाबा."

ते खोलीत गेले. दार लावलं नाही, पण मला आत जायचं धाडस झालं नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

सकाळी आठ वाजता बाबा एकटेच गॅरेजला गेले. दुपारी एकपर्यंत तिथंच होते. फिटरचा फोन आला होता, "ताई, बाबांनी जुना डबा कापून दाखवायला लावला. कोळसा हातात घेऊन बघितला. चांगलं डोकं आहे त्यांचं." तिसरा डबा त्यांच्यासमोर बसला.

परत आले आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"मेमो दे," म्हणाले.

मला कळेना. ते म्हणाले, "डेपोत चूक झाली की मेमो मिळतो. कागदावर. काय केलं, कधी केलं, खुलासा द्या. मी खुलासा द्यायचो, साहेब निकाल द्यायचा, दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर. एकतीस वर्षांत सहा मेमो मिळाले. एकदा डिझेल संपून बस घाटात उभी राहिली, चाळीस माणसं उन्हात, त्याचापण मिळाला. तेव्हापासून टाकी गळ्यापर्यंत भरतो. डिझेलच्या बसला असला कोळसा-बिळसा नव्हता. पण चूक ती चूक. ज्याला मेमो मिळत नाही ना, तो कामावर नसतो. घरातल्या म्हाताऱ्याला कुणी मेमो देत नाही. त्याच्या पाठीमागे टाकी भरून ठेवतात."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "रडून झालं की लिही. क्लासच्या लेटरहेडवर."

लिहिला. त्यांनी वाचला आणि परत दिला. "तारीख नाही घातलीस. आणि 'बाबा' काय? 'चालक' लिही." पुन्हा लिहिला. त्यांनी खाली खुलासा लिहिला, बसच्या पाटीवर असतं तसल्या अक्षरात:

"चूक मान्य आहे. डिझेलचे वाहन चालविल्याने पेट्रोलच्या वाहनाची माहिती नव्हती, ती करून घ्यायला हवी होती. यापुढे पंपाचा नळ बंद होताच भरणे थांबवीन. कामावरून कमी करू नये ही विनंती."

शेवटचं वाक्य वाचून मी पुन्हा रडले. मग साहेबाच्या जागी सही केली: खुलासा मान्य.

शुक्रवार, ४ एप्रिल

बाबा सकाळी सातलाच सिस्टरच्या अर्जाची प्रत घेऊन लायसन्स ऑफिसला गेले. म्हणतात, रोज एखादा तरी उमेदवार येत नाही, घाबरतो किंवा झोपतो. त्याची जागा जो खिडकीसमोर बसलेला असेल त्याला मिळते. आज सगळे आले. दुपारी परत आले.

सिस्टरना फोन केला. घडलं ते सांगितलं, काही झाकलं नाही. त्या ऐकून म्हणाल्या, "बरं, बघू."

मंगळवार, ८ एप्रिल

काल नाही, आजही नाही. पण खिडकीतला कारकून आता बाबांना बसायला आतली खुर्ची देतो. परवा रविवारी पंपावर मी बरोबर गेले होते. ते नको म्हणाले नाहीत. नळ टक्कन बंद झाला, पंपावरचा पोरगा सवयीनं गाडी हलवायला मागे गेला. बाबांनी त्याला डबा, कोळसा, वाफ सगळं समजावलं. मागे चार गाड्या खोळंबल्या होत्या.

बुधवार, ९ एप्रिल

साडेनऊला बाबांचा फोन. "एक जागा निघाली. अकराची. सिस्टरला उचल आणि ये, घाई करू नकोस, रस्त्यात शाळा आहे."

सिस्टर गणवेशातच आल्या. गाडीत बसून आधी नाकानं श्वास घेतला, मग पट्टा लावला. तोच परीक्षक होता. त्यानंही तसंच केलं, मग बसला. बावीस मिनिटं. पास.

बाबा कुंपणापाशी उभे होते. सिस्टर त्यांच्याकडे गेल्या, काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. येताना बाबा मागच्या सीटवर बसले, सिस्टर चालवत होत्या. एका वळणावर मागून "च्च्" असा आवाज आला. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, आता लायसन्स आहे माझ्याकडे." जुळ्यांच्या आईला संध्याकाळी फोन करायचाय.

शनिवार, १२ एप्रिल

बुधवारी घरी आल्यावर बाबांनी माझ्या हातात एक कागद दिला होता. त्यांना वाटलं असेल आनंदाच्या भरात मी विसरले. विसरले नव्हते, उत्तर सुचत नव्हतं.

"विषय: वाहनातील दोष लपवून ठेवल्याबाबत. दि. २४ मार्च रोजी दोषाचे कारण समजले असताना आपण ते संबंधित चालकास कळविले नाही व दि. ३१ मार्च आणि १ एप्रिल रोजी सदर वाहनात शिकाऊ उमेदवारांस बसविले. आपला खुलासा तीन दिवसांत सादर करावा."

चार कागद फाडले. पहिल्यात फिटरवर ढकललं होतं, दुसऱ्यात टेस्टच्या तारखेवर. तिसरा नवऱ्यानं वाचला आणि म्हणाला, हा खुलासा नाही, ही विनवणी आहे. चौथा मलाच पटला नाही. आज सकाळी पाचवा दिला:

"चूक मान्य आहे. तुम्हाला मागच्या सीटवरून मी उठवलं होतं. रविवारही काढून घेताना मला माझीच लाज वाटली. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून गप्प राहिले आणि दोन दिवस तीन जीव धोक्यात घातले, त्यातला एक माझा."

दुपारी कागद परत आला. खाली लाल पेनानं शेरा होता:

"खुलासा असमाधानकारक. चालकास वाईट वाटेल हे कारण ग्राह्य धरता येत नाही. चालकास वाईट वाटणे हा त्याच्या कामाचा भाग आहे. प्रथम चूक असल्याने समज देऊन सोडण्यात येत आहे."

मी खाली "प्रत मिळाली" लिहून सही केली, तारीख घातली आणि कागद त्यांच्या फाइलला लावायला परत दिला.